डॉक्टरांना न सांगितलेली गोळी

ताई,

तुझ्या तेराव्याला आलेल्या बायका मला बाजूला घेऊन विचारत होत्या, "एकाएकी काय झालं गं?" मी प्रत्येकीला सांगत होते, "औषधाची रिअ‍ॅक्शन आली." कुणी पुढे विचारलं, कसलं औषध, तर म्हणायचे, "पाठदुखीच्या गोळ्या." हे खोटं नव्हतं, अर्धं होतं. तू गेल्यावरही मी तुझी ती दुसरी गोळी लपवतच होते. इतक्या वर्षांत माझ्या तोंडाला तशी सवयच लागली होती.

आई गेली त्या वर्षी तू दिंडोरीहून माझ्याकडे सिडकोत राहायला आली होतीस. दोन दिवस म्हणून आलीस आणि पंधरा दिवस राहिलीस. बाथरूममध्ये नळ सोडून रडायचीस. मला ऐकू यायचं, तरी मी बाहेर कुकर लावत बसायचे. मग एकदा जेवताना तू म्हणालीस, "मला कशाचंच काही वाटत नाही गं. यंदा माल चांगला आलाय म्हणतात. येऊ दे, नाहीतर जाऊ दे." हे तू म्हणालीस. बागेतली कुठली ओळ गोड आणि कुठली आंबूस, हे दाजींच्या आधी जिला कळायचं ती तू. त्या दिवशी मी घाबरले.

मीच तुला कॉलेज रोडवरच्या मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे बाकावर तू पदराने अर्धं तोंड झाकून बसली होतीस. "आपल्याकडचं कुणी भेटलं तर?" म्हणालीस. मी म्हटलं, "भेटलं तर तेही इथेच आलेले असतील ना." तू हसलीस. कित्येक महिन्यांनी तुला हसताना पाहिलं होतं.

त्या गोळीने तुला बरं वाटलं, हे कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं असं मला वाटतं, म्हणून आज मीच लिहिते. लगेच नाही वाटलं. पहिले काही आठवडे तू माझ्यावर चिडायचीस, पोटात ढवळतं म्हणायचीस. आणि मग एके दिवशी मधल्या सुट्टीत तुझा फोन आला. द्राक्षाचा व्यापारी बागेत येऊन भाव पाडण्यासाठी गोड मणी खाऊनसुद्धा कसं तोंड वाकडं करून 'आंबट' म्हणतो, त्याची तू नक्कल करून दाखवत होतीस. स्टाफरूममध्ये मी एकटीच मोठ्याने हसत होते. फोन ठेवल्यावर रडले. माझी ताई परत आली होती.

एक गंमत झाली होती त्या गोळीने. तुला घाम यायला लागला. डिसेंबरात दिंडोरीला कडाक्याची थंडी, द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून दाजी पहाटे बागेत शेकोट्या पेटवायचे, आणि घरात तू पंखा लावून बसायचीस. "तुझ्या डॉक्टरने माझी थंडीच काढून घेतली," असं म्हणायचीस. पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "होतं असं. मन ज्या सेरोटोनिनमुळे सावरतं, शरीराचं तापमान राखण्यातही त्याचाच हात असतो." आपण दोघी त्यावर हसलो. रिक्षात तू म्हणालीस, "म्हणजे डोकं दुरुस्त करायला गेले आणि गिझर बिघडला." मी ते वाक्य विनोद म्हणून लक्षात ठेवलं. त्यात काय सांगितलं होतं, ते ऐकलंच नाही.

'दाजींना सांग', यावरून आपलं किती वाजायचं. तू म्हणायचीस, "तुला त्या घरातलं माहीत नाही." मला माहीत होतं. त्यांच्या भावकीतल्या एका सुनेच्या पर्समध्ये अशाच गोळ्या सापडल्या, तेव्हा 'डोक्याने अधू पोरगी गळ्यात बांधली' म्हणत, बैठक बसवून तिला माहेरी पाठवून दिलं होतं. दाजी त्या बैठकीला बसले होते. काही बोलले नव्हते. तू म्हणायचीस, "बोलले नाहीत, तेच मला पुरे." मी म्हणायचे, "दाजी तसे नाहीत." तू म्हणायचीस, "नसतील. पण मी बघायला जाणार नाही."

हळूहळू मी वाद घालायचं सोडलं. खरं सांगायचं तर मला कंटाळा आला. आणि पुढे पुढे त्यात थोडी मजाही वाटायला लागली. नाशिकच्या मेडिकलमधून गोळ्या मी आणायच्या, ब्लाउजपीसच्या पिशवीत घालून तुला द्यायच्या, आणि तू त्या कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवायच्या. लहानपणी आईपासून चिंचा लपवायचो तसं आपलं दोघींचं एक गुपित झालं. मी धाकटी. तुझ्या आयुष्यात दुसऱ्या कुणाला नसलेली जागा मला मिळाली होती. ती मला आवडत होती, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

एप्रिलमध्ये छाटणी सुरू झाली आणि तू शेडच्या ओल्या फरशीवर घसरलीस. पाठ धरली. दाजी तुला तिथल्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी विचारलं होतं, ताई. त्यांनी नीट विचारलं होतं, "बाकी कुठली औषधं चालू आहेत का?" तूच मला संध्याकाळी फोनवर सांगितलंस. "सासूबाई अगदी शेजारी खुर्चीत. काय सांगू त्यांना? म्हटलं, काही नाही." आणि तू हसलीस.

मीही हसले.

मी शाळेत भूगोल शिकवते, औषधांतलं मला काय कळतं, असं मी स्वतःला समजावते. पण डॉक्टर हा प्रश्न उगाच विचारत नाहीत, एवढं कळायला कुठलं शिक्षण लागतं? तेव्हा मी नुसतं म्हणायला हवं होतं की परत जाऊन सांग, किंवा त्यांचा नंबर दे, मी बोलते. मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "शेकायची पिशवी आहे का तुझ्याकडे?"

चार दिवसांनी भर दुपारी दाजींचा फोन आला. "हिला ऊन लागलंय बहुतेक. अंगाला हात लावला तर चटका बसतोय. बडबडतेय काहीतरी. आम्ही नाशिकला घेऊन निघालोय." हॉस्पिटलच्या दारात मी तुमच्या आधी पोचले.

तुला गाडीतून उतरवलं तेव्हा तू घामाने निथळत होतीस. पाय सारखे उडत होते. तुझ्या सासूबाईंनी तुझं डोकं पोटाशी धरलं होतं आणि तू त्यांनाच विचारत होतीस, "बायका आल्या का छाटणीच्या? चहा टाकला का?" डोळे नुसते विस्फारलेले. मी "ताई" म्हटलं, तेव्हा क्षणभर तुझी नजर माझ्यावर थांबली.

दाजी पेपर करायला काउंटरवर गेले. कॅज्युअल्टीत एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. तपासता तपासता त्यांनी विचारलं, "कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

सासूबाई म्हणाल्या, "पाठीच्या चालू हायेत. दुसरं काय नाय."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही बहीण ना? आणखी काही? बीपी, थायरॉइड, झोपेची, काहीही?"

मी तुझ्याकडे पाहिलं. तू मान हलवलीस.

ताई, तुझं सगळं अंगच थरथरत होतं. ती नको सांगू म्हणणारी मान होती, की त्या थरथरीत नुसतीच हललेली, हे मला आजही कळलेलं नाही. मला जे सोयीचं होतं ते मी तिच्यात वाचलं. मी म्हणाले, "नाही."

नंतरची दुपार म्हणजे बर्फ, ओल्या चादरी आणि तापाचं सलाईन. ताप उतरेना. दर वेळी नर्स आकडा वाचायची आणि मी दाराबाहेर उभी राहून मनात म्हणायचे, आता उतरेल, मग सांगायची वेळच येणार नाही. मी देवाकडे तुझा जीव मागत नव्हते, ताई. तोवर मला जीवाची भीती वाटलीच नव्हती. मी मागत होते ते गुपित. तेवढं राहू दे, म्हणत होते.

ऊन कलायला लागलं तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. म्हणाल्या, "मला हे नुसतं उन्हाचं वाटत नाही. तळपाय वर दाबला की पाऊल आपोआप उडत राहतंय. तापाच्या औषधाचा काही उपयोग होत नाहीये. मला परत विचारायचंय." दाजी खाली बर्फ आणायला गेले होते. सासूबाई तुझ्यापाशी आत होत्या. मी डॉक्टरीणबाईंना गोळीचं नाव सांगितलं.

त्या रागावल्या नाहीत. "किती वर्षं घेतायत?" एवढंच विचारलं, आणि माझं उत्तर ऐकता ऐकता आत वळल्याही. मग सगळं बदललं. तुला गुंगीचं औषध दिलं, स्नायू सैल पडावेत म्हणून. नळी घातली. मला एक चिठ्ठी देऊन मेडिकलला पिटाळलं. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "ही तर भूक वाढायची गोळी." तीच होती. लहान मुलांना भूक लागावी म्हणून देतात ती जुनी, स्वस्त गोळी. ती कुटून नाकातल्या नळीतून तुला दिली. सकाळपर्यंत ताप खाली आला. दाजींनी काचेतून पाहत हात जोडले. मला वाटलं, सुटलो.

पण तापाने आणि थरथरीने तुझे स्नायू आतून मोडले होते. त्यातून जे रक्तात उतरलं ते मूत्रपिंडांना झेपलं नाही. तिसऱ्या दिवशी तू गेलीस. मधल्या काळात तू एकदाही जागी झाली नाहीस. तुला विचारायचं होतं ते राहिलं.

नंतर मी त्या डॉक्टरीणबाईंना भेटायला गेले. मला समजून घ्यायचं होतं. त्यांनी मला समोर बसवलं आणि कागदावर मेंदूचं चित्र काढून दाखवलं. तळाशी एक लहानशी जागा आहे, तिथून शरीराचं तापमान राखलं जातं. सेरोटोनिन तिथे निरोप नेतं. निरोप एकच, पण तो घेणारे रिसेप्टर निरनिराळ्या जातीचे. एका जातीच्या रिसेप्टरने तो घेतला तर शरीर निवतं, दुसऱ्या जातीच्याने घेतला तर तापतं. रोजच्या दिवसात दोघांचं जमतं आणि आपल्याला काही कळतही नाही. फार तर डिसेंबरात पंखा लावावासा वाटतो. तुझ्या गोळीने सेरोटोनिन जास्त वेळ टिकून राहत होतं. पाठीच्या गोळीनेही तेच केलं. दोन्हींचं मिळून इतकं साठलं की तापवणाऱ्या रिसेप्टरांना कुणी आवरेना. त्यात स्नायू सतत थरथरत होते, त्यांचीही उष्णता.

"आणि तापाचं औषध?" मी विचारलं.

"साध्या तापात मेंदूच ठरवतो की आता अंग गरम ठेवायचं. औषध त्याचं ते ठरवणं बदलतं. इथे मेंदूने काही ठरवलंच नव्हतं, मग औषध बदलणार काय?" त्या म्हणाल्या. "भुकेची गोळी त्या तापवणाऱ्या रिसेप्टरला अडवते. म्हणून ती दिली."

मी विचारायचं ते विचारलं. "मी आल्या आल्या सांगितलं असतं तर?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काही तास वाचले असते. जीव वाचला असता का, ते मी सांगू शकत नाही. मला खरंच माहीत नाही."

निघताना मी म्हटलं, दाजींना या गोळीचं काही बोलू नका. त्या म्हणाल्या, "मी स्वतःहून जाणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटं सांगणार नाही. तुम्हीच सांगायला हवं." दाजींनी विचारलं नाही. त्यांना 'औषधाची रिअ‍ॅक्शन' एवढंच ऐकू आलं होतं, आणि औषध म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे एकच होतं.

तेरावं झालं आणि दोन दिवसांनी तुझ्या सासूबाईंचा फोन आला. "बाई, तू आज ये. हा लय डोक्यात राख घालून बसलाय. उद्या चुलतभावांना घेऊन त्या पाठीच्या गोळ्या देणाऱ्या डॉक्टरच्या दवाखान्यात जायचं म्हणतोय. दवाखाना फोडीन म्हणतोय." मी रजा टाकली आणि दिंडोरीची बस पकडली. सगळ्या वाटेत मला त्या डॉक्टरांचा प्रश्न ऐकू येत होता. बाकी कुठली औषधं चालू आहेत का?

सासूबाई ओट्यावर एकट्याच होत्या. मी पाणीसुद्धा न पिता म्हटलं, "मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय. ताई एक गोळी घेत होती."

"बाटलीतली ना," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"मला गुडघ्यासाठी कॅल्शियम देतात, बाई. ती गोळी केवढी मोठी असते. तिची एवढीशी. मला पहिल्याच महिन्यात कळलं, हे कॅल्शियम नाय म्हणून."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तिनं बंद केल्या असत्या. पोरीला झोप लागत होती, हसत होती. मला काय करायचंय नाव जाणून." त्यांनी पदराने चेहरा पुसला. "रोज रात्री मीच आठवण करायचे तिला. कॅल्शियम घेतलं का गं, म्हणायचे."

मी खाली बसले. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा आधी मीच नाय म्हणाले. मला वाटलं, माझ्या तोंडून आलं तर तिला कळंल की सासूला ठाऊक हाय. बहीण उभी हाय, शिकलेली हाय, ती सांगंल."

आणि मी त्यांच्यापासून लपवायचं म्हणून नाही म्हणाले होते. ताई, तू त्या पलंगावर जळत होतीस, आणि आम्ही दोघी तुझ्या दोन बाजूंना उभ्या राहून एकमेकींपासून तुला सांभाळत होतो. सासूबाई रडल्या. मला रडू आलं नाही. त्यांना मिठी मारावी असं वाटलं, आणि तेही जमलं नाही. मी त्यांचा हात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

दाजी बागेत होते. आम्ही दोघी गेलो. छाटलेल्या काड्यांचे ढीग पडले होते आणि ते ठिबकची नळी सरळ करत होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं. आई गेल्यापासूनचं, कॉलेज रोडचं, ब्लाउजपीसच्या पिशवीचं. दोन औषधं एकमेकांना कशी भिडली, तेही. आणि म्हणाले, "त्या डॉक्टरांनी विचारलं होतं, दाजी. तिने नाही सांगितलं. नंतर मलाही विचारलं. मी नाही सांगितलं. दवाखाना फोडायचा असेल तर माझ्या घरी या."

सासूबाई म्हणाल्या, "मी पण व्हते."

दाजी नळी हातात धरून उभे राहिले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी ओरडावं असं मला वाटत होतं. ते बांधावर बसले. त्यांनी विचारलं, "तिला बरं वाटत होतं का त्या गोळ्यांनी?"

"हो. खूप."

"तरीच," ते म्हणाले. "मला वाटायचं, मी जरा बरा वागायला लागलो म्हणून ती हसते."

मला त्यांच्याकडे बघवेना. मग ते म्हणाले, "मला का नाही सांगितलं, असं विचारणार होतो. पण त्या बैठकीत मी गप्प बसलो होतो. तिने मला सांगितलं असतं तर मी काय बोललो असतो, मनीषा, ते माझं मलाच माहीत नाही."

तू गेल्यापासून इतकं खरं कुणीच बोललं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्यांनी खिशातून फोन काढला, चुलतभावाला लावला, "उद्या जायचं नाही" एवढंच म्हणाले आणि ठेवला.

माझा अपराध त्याने कमी झाला नाही, ताई. तो कमी होईल असं मला वाटतही नाही, आणि सांगून मोकळं झाल्यासारखंही वाटलं नाही. तुझं गुपित मी मोडलं. जेव्हा मोडायला हवं होतं तेव्हा मोडलं नाही, आणि आता तुझी परवानगी घ्यायची सोय नसताना मोडलं. तू रागावली असशील तर रागाव.

सासूबाई चहा करायला घरी गेल्या. मी जायला निघाले तर दाजी म्हणाले, "बस जरा. ती तुझ्याशी फोनवर काय बोलायची?" मी त्यांना व्यापाऱ्याची नक्कल करून दाखवली. मला तुझ्यासारखी जमत नाही, तरी ते हसले, आणि हसता हसता त्यांनी चेहरा दोन्ही हातांत लपवला. थोड्या वेळाने डोळे पुसून म्हणाले, "अजून सांग."

ऊन उतरेपर्यंत मी बांधावर बसून राहिले. इतकी वर्षं तुझा नवरा आणि मी सणावाराला भेटत होतो, पाऊसपाण्याचं बोलत होतो. तुझ्याबद्दल आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बोललो.